दिलेल्या तीन हजारांचा हिशोब

आधी प्रश्न थोडक्यात सांगते, म्हणजे बाकीच्यांना संदर्भ लागेल. वाळवा तालुक्यातलं बागायती घर, आठ एकर ऊस. गेल्या हंगामात शेताच्या कडेला ऊसतोडीची टोळी उतरली होती. त्यातल्या एका पोराला न्यूमोनिया झाला. वडिलांनी रात्री गाडी काढून त्याला दवाखान्यात नेलं, वर तीन हजार रुपये हातावर ठेवले. पोरगं बरं झालं. पंधरा दिवसांनी टोळीच्या कोपीसमोर, म्हणजे पाल्याच्या झोपडीसमोर, त्याचा वाढदिवस झाला. केक आला, मोबाईलवर गाणी लागली. वडिलांनी ते बांधावरून बघितलं आणि तेव्हापासून घरात एकच पालुपद सुरू आहे: "यांना देऊन उपयोग नाही, ही माणसं गरीबच राहायच्या लायकीची." आई त्यात फुकटच्या रेशनची आणि दारूची भर घालते. वडील स्वतः रयत शिक्षण संस्थेच्या शाळेत 'कमवा आणि शिका'त राबून शिकलेले. आईचं माहेर आटपाडीकडचं, आजी बहात्तरच्या दुष्काळी कामावर गेलेली. लेक विचारते, वडील निर्दयी आहेत की त्यांचं बरोबर आहे? चार पैसे असणाऱ्यांना गरिबांबद्दल असं का वाटतं? अशी माणसं बदलतात का? आणि जेवणाच्या ताटावर भांडण न होता यावर बोलायचं कसं?

तर, तुमचे वडील निर्दयी नाहीत. निर्दयी माणूस रात्री अकरा वाजता गाडी काढत नाही. त्यांचं पैसे देताना काहीच चुकलं नाही, चुकलं ते पंधरा दिवसांनी. त्या तीन हजारांचे मालक अजून आपणच आहोत, असं त्यांना वाटतंय.

हे मी वरच्या पायरीवर उभी राहून सांगत नाही. मिरजेत एका धर्मादाय रुग्णालयात मी पंचवीस वर्षं वैद्यकीय समाजसेविका होते. पाटीवर 'समाजसेवा विभाग' असं लिहिलेलं असलं तरी टेबलामागचं काम एकच: समोर बसलेला माणूस खरंच गरीब आहे का ते ठरवायचं. मला पगार त्याचाच मिळायचा. तुमच्या वडिलांनी बांधावर उभं राहून जे केलं ते मी सही-शिक्क्यानिशी वर्षानुवर्षं केलंय.

नियम साधा आहे. अशा रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी ठेवाव्या लागतात. निर्धनासाठी उत्पन्नाची मर्यादा आता वर्षाला १ लाख ८० हजार आहे. रेशनकार्ड दाखवा, तहसीलचा दाखला दाखवा, विषय संपला. पण कागद कुणाचे पुरे असतात? इस्त्रीच्या सदऱ्यातला बागायतदार साठ हजारांचा उत्पन्नाचा दाखला फाईलला लावून येतो, बरोबर एखादा ग्रामपंचायत सदस्य असतो, झेरॉक्सचे दोन-दोन सेट असतात. शेतीचं उत्पन्न कागदावर किती दाखवायचं हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यावर मी जास्त बोलत नाही. आणि टोळीतल्या माणसाचं रेशनकार्ड गावाकडं, पत्र्याच्या पेटीत, म्हाताऱ्या आईजवळ. दाखला काढायला गावी जायचं तर दोन दिवसांचा खाडा, आणि खाडा पडला की टोळी आणणारा मुकादम दंड लावणार.

मग कागदाच्या जागी येते नजर. आमच्या विभागात, वॉर्डात, बिलाच्या खिडकीवर दिवसभर ऐकू यायचं, "गरीब दिसत नाहीत हो." नवीन चप्पल आहे. नवरा-बायको दोघांकडे मोबाईल आहे. पोराच्या हातात कुरकुरे आहेत. बाईच्या गळ्यात बघा.

गळ्यातलं बघून मी एकदा निकाल दिला होता. नोकरीची आठ-नऊ वर्षं झाली होती, म्हणजे आपल्याला सगळं कळतं असं वाटण्याचा तो काळ. जतकडची एक बाई आली. नवरा ट्रकमध्ये मोळ्या चढवताना फळीवरून घसरला होता, मांडीचं हाड मोडलं होतं. रॉड टाकायचा होता. कार्ड गावी. बाईच्या अंगावर धड पातळ, गळ्यात डोरलं आणि सोनेरी मण्यांची दुपदरी माळ. मी फॉर्मवर शेरा मारला, 'परिस्थिती बरी दिसते'. सवलत बसली नाही. तिनं काही वाद घातला नाही. तिसऱ्या दिवशी मुकादम आला, त्यानं पैसे भरले, माणूस ऑपरेशन होऊन गेला. मी फाईल बंद केली.

सव्वा वर्षानं रॉड काढायला ती दोघं परत आली. या वेळी कार्ड आणलं होतं. मी सहज विचारलं, मागच्या वेळचे पैसे कसे फेडले? म्हणाली, फिटले कुठं, उचलीवर (हंगामाआधी घेतलेल्या आगाऊ रकमेवर) चढवले मुकादमानं. पुढचा हंगाम त्याच्याकडंच जावं लागलं, थोरल्या पोराला शाळेतून काढून बरोबर न्यावं लागलं. मग तिनं माळ काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली. "बाई, ह्ये बेंटेक्स हाय. सोन्याचं कवाच मोडलं." मण्यांचा रंग दोऱ्याजवळ उडाला होता, आत तांबूस दिसत होतं. हातभर अंतरावरून मला ते सव्वा वर्षापूर्वी दिसलं नव्हतं.

मी विचारलं, मग घालतेस कशाला? तिनं मला वेड्यात काढल्यासारखं बघितलं. "गळा मोकळा असला की दुकानदार उधार देत न्हाई."

हे वाक्य मी पुढं नोकरीभर वापरलं. दुकानदारासमोर, मुकादमासमोर, सोयरीक जुळवताना गरिबाला बऱ्यापैकी दिसावं लागतं, नाहीतर कुणी दारात उभं करत नाही. आणि आमच्यासारख्यांच्या टेबलासमोर तोच माणूस फाटका दिसावा लागतो, नाहीतर फॉर्म पुढं सरकत नाही. सकाळी एक सोंग, दुपारी दुसरं. आणि वर आपण म्हणणार, ही माणसं खोटं बोलतात.

आता केकवर येऊ. तुमच्या वडिलांना राग केकचा आला, खर्चाचा आला असं मला वाटत नाही. त्या माउलीनं पोर उठलं म्हणून पेढे वाटले असते तर वडिलांनी एक तोंडात टाकला असता आणि पोराच्या डोक्यावरून हात फिरवला असता. देवाला नारळ फोडला असता, बिरोबाला बोललेला नवस फेडायला पैसे खर्च केले असते, तरी चाललं असतं. पेढा गरिबाच्या हातात शोभतो असं आपण ठरवून टाकलंय. केक तुमच्या घरातला, तुमच्या भावाच्या पोराच्या वाढदिवसाचा. तो कोपीसमोर दिसला की कुठंतरी खुपतं. मोबाईलचंही तेच. टोळीतल्या माणसाला मोबाईल लागतो तो मुकादमाचा आणि चिटबॉयचा, म्हणजे कारखान्याच्या तोडणीच्या चिठ्ठ्या देणाऱ्याचा, फोन घ्यायला. उद्याचा फड कुठं, गाडी किती वाजता, हे त्यावरच कळतं. गावाकडं आई-बापाजवळ ठेवलेल्या पोरीचा आवाज रात्री त्यावरच ऐकायचा. गाणी वाजतात ती त्याच मोबाईलवर वाजतात, त्याला काय करणार.

आणि ते पोरगं मरता मरता वाचलं होतं, हे आपण विसरतो. तुमच्या घरात असं झालं असतं तर सत्यनारायण घातला असता आणि गाव जेवलं असतं.

थोडा पैशाचा हिशोब करू, वडिलांना आकडे आवडत असतील तर उपयोगी पडेल. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर टनाला २७३ वरून ३६६ रुपये झाला. एक 'कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी दिवसाला साधारण दीड ते दोन टन तोडते. म्हणजे दोघांचे मिळून साडेपाचशे ते सव्वासातशे रुपये. त्यासाठी बाई पहाटे चारला उठून चूल पेटवते आणि गाडी रात्री आली तर रात्री भरावी लागते. पण हे पैसे रोजच्या रोज हातात येत नाहीत. ते उचलीच्या रूपानं दसऱ्याच्या आधीच एकगठ्ठा येऊन गेलेले असतात, आणि लग्न, दवाखाना, जुनं देणं यांत संपलेलेही असतात. हंगामभर माणूस आधीच खाल्लेली भाकरी फेडत असतो. हातखर्चाला काय, तर वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकून आलेले चार पैसे आणि पंधरवड्याची किरकोळ खर्ची. अशा माणसाला तुम्ही 'बचत का करत नाहीस' विचारलंत तर तो हसतो. मीही पहिली काही वर्षं विचारत होते.

पैसा किती आहे यापेक्षा तो केव्हा आणि कसा येतो यावर माणसाचं वागणं ठरतं, आणि हे उसाच्या पट्ट्यातल्या माणसाला पुस्तकातून शिकवायची गरज नाही. २०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास छापून आला होता. तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांना दोनदा कोडी घातली, एकदा तोडणीच्या आधी, पैशाची ओढाताण असताना, आणि एकदा तोडणीनंतर हातात पैसे असताना. माणूस तोच, डोकं तेच. ओढाताणीच्या दिवसांत त्याच माणसाची उत्तरं जास्त चुकली. मजूर नव्हते हं ते, तुमच्या वडिलांसारखे ऊस लावणारे शेतकरी होते.

वडिलांना हा अभ्यास सांगू नका. त्यांना एवढंच विचारा, की कारखान्यानं बिल लांबवलं तेव्हा घरात काय व्हायचं? ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान भाव, द्यायची असा कायदा आहे, आणि ती वेळेत मिळत नाही म्हणून आपल्याकडं किती वेळा रस्ते अडवले गेलेत ते तुम्ही लहानपणापासून बघितलंय. त्या दिवसांत सोसायटीचं व्याज अंगावर असायचं, बाबा आईवर ओरडायचे, नको ते सावकाराकडून उचलायचे, आणि बिल जमा झालं की पहिल्या आठवड्यात काहीतरी अनावश्यक खरेदी व्हायची. सगळ्या बागायती घरांत हे झालंय. माझ्याही सासरी झालंय. बिल आल्यावर सासऱ्यांनी घरात म्हशीच्या आधी टीव्ही आणला होता. त्यांना कुणी 'गरीबच राहायच्या लायकीचा' म्हटलं नाही. म्हणाले, हौशी माणूस आहे.

आईच्या 'फुकट'वर आता. हा शब्द आपल्या भागात फार सैल वापरला जातो. रेशनवर प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो धान्य मिळतं, अंत्योदयवाल्यांना कार्डामागे ३५ किलो. २०२३ च्या जानेवारीपासून ते मोफत आहे. माणशी ५ किलो म्हणजे दिवसाला १६६ ग्रॅम. तेवढ्यावर माणूस आळशी होतो हे गणित मला अजून सुटलेलं नाही. आता दुसऱ्या बाजूला बघा. शेतीपंपाला साडेसात अश्वशक्तीपर्यंत २०२४ पासून वीजबिल माफ. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांच्या पाण्याला विजेच्या बिलाचे ८१ टक्के सरकार भरतं, शेतकऱ्याच्या वाट्याला १९ टक्के. आटपाडीच्या तुमच्या मामाकडं आज डाळिंब असेल, तर कराडजवळ टेंभूला उचललेलं कृष्णेचं पाणी तिथवर चढवलं म्हणून. ते चढवायलाच हवं होतं. त्या पाण्यासाठी लोकांनी वर्षानुवर्षं परिषदा घेतल्या, मोर्चे काढले, पाणी मिळवलं ते हक्कानं. माझं म्हणणं इतकंच, की वाचलेल्या वीजबिलाचं मामांनी काय केलं हे कुणी कधी विचारलं का? पिशवीतलं धान्य नेणाऱ्याच्या मात्र हातातला मोबाईल कितीचा आहे, हे सगळा गाव सांगतो.

तुमची आजी बहात्तरला कामावर होती असं तुम्ही एका ओळीत लिहून पुढं गेलात. मला तिथंच थांबावंसं वाटलं. बहात्तरला माण, खटाव, जत, आटपाडीत खडी फोडायला फक्त भूमिहीन गेले नव्हते. वीस-वीस एकरांचे खातेदार, पाटलाच्या घरच्या सुना, डोक्यावरचा पदर तोंडावर ओढून हातोडी घेऊन बसल्या होत्या. सुकडी खाल्ली, तांबड्या ज्वारीच्या भाकरी खाल्ल्या. मागेल त्याला काम, ही कल्पना ज्यांनी मांडली ते वि. स. पागे तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे. विधान परिषदेचे सभापती होते. पुढं १९७७ ला रोजगार हमीचा कायदा झाला, आणि त्या योजनेच्या खर्चासाठी १९७५ पासून राज्यातल्या नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापला जाऊ लागला. माझ्याही पगारातून महिन्याला कापला जायचा, मार्चच्या आधी थोडा जास्त. म्हणजे आपल्या दुष्काळी तालुक्यांतल्या माणसाला काम मिळावं म्हणून मुंबईतला कारकून पैसे भरत होता. त्यानं कधी विसापूरला येऊन मजुरीचं काय केलंत, असं विचारलं नाही.

आजी हयात असेल तर तिला बोलतं करा, वडील घरात असताना. आणि तिला गरिबीवर बोलायला सांगू नका, खडीवर बोलायला सांगा. ब्रास म्हणजे किती, मोजणी कोण करायचं, मुकादम मोजताना माप कसं मारायचा, पगार किती आठवडे थकायचा. ती बोलायला लागली की तुम्हाला काही बोलावं लागणार नाही.

वडिलांच्या 'कमवा आणि शिका'बद्दल मला मनापासून आदर आहे. माझे वडीलही त्याच वाटेनं शिकले, साताऱ्यात. पण 'आम्ही राबलो म्हणून शिकलो' हे निम्मंच सांगणं झालं. १९१९ ला कराडजवळ काल्याला कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत उभी केली, मग साताऱ्याचं बोर्डिंग आलं. त्या पोरांना आधी छप्पर आणि भाकरी मिळाली आणि मग काम मिळालं. मुठी-मुठीनं धान्य गोळा व्हायचं. बोर्डिंगमध्ये पीठ नव्हतं तेव्हा कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी गळ्यातलं मंगळसूत्रही दिलं, हे आपल्याकडं शाळकरी पोरालाही माहीत आहे. कर्मवीर काम घ्यायचे ते सगळ्यांकडून, आणि कुणाचं पोर भाकरीबरोबर काय खातं याची चौकशी करत बांधावर उभे राहिले नाहीत. टोळीतल्या पोरालाही कुणीतरी आधी छप्पर आणि भाकरी देऊन मग 'राब आणि शीक' म्हटलं तर ते शिकेल की. आज ते नुसतं राबतंय, धाकट्या भावंडाला काखेत घेऊन.

आता वडिलांच्या बाजूनं बोलते, कारण त्यांचं काही खरं आहे आणि ते मान्य केल्याशिवाय ते तुमचं ऐकणार नाहीत. ऊस वाळायला लागतो, तोडणीची पाळी येत नाही, आणि टोळी 'खुशाली', म्हणजे मजुरीच्या वरचे पैसे, मागते. एकरी मागते, रोख मागते, गाडीवाला एंट्री वेगळी मागतो. नाही दिली तर फड अर्धा सोडून जातात. हे मी माझ्या दिराच्या शेतात डोळ्यांनी बघितलंय. उचल घेऊन पळून गेलेल्या टोळ्यांनी गाडीमालक कर्जात बुडालेत, त्यांत आपल्याच गावची पोरं आहेत. दारू आहे. वॉर्डात रात्री नवऱ्यानं मारलेल्या बायका यायच्या, त्यांच्या जखमा मी बघितल्यात. गरीब माणूस साधा, भोळा, देवमाणूस, असं म्हणणाऱ्यांशी माझं कधी जमलं नाही. तेही एक सोंगच आहे, आपण त्याच्यावर चढवलेलं. फरक एवढाच, की दारूनं लिव्हर गेलेला बागायतदार ॲडमिट झाला की नातेवाईक हळूच म्हणायचे, "पोटाचा त्रास आहे", आणि मजूर आला की वॉर्डबॉयसुद्धा मोठ्यानं म्हणायचा, "बेवडा आहे." मी केसपेपरवर दोघांचं निदान एकच बघायचे.

खुशालीचा राग खरा असेल तर तो खुशालीवरच काढायला सांगा. तो केकवर काढू नये.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत, मी विचारते. टोळीला चहा कशात देता? माझ्या माहेरी कोनाड्यात दोन जर्मनच्या वाट्या पालथ्या घातलेल्या असायच्या, त्या कुणासाठी हे कुणी सांगायचं नाही आणि कुणी विचारायचं नाही. आता कागदी कप आलेत, सोय झाली, बोलायलाच नको. टोळीत कोण असतं? बंजारा, वंजारी, दलित, भटके, थोडेफार मराठाही. 'ही माणसं' म्हणताना आपण पैशाबद्दल किती बोलत असतो आणि जातीबद्दल किती, हे ज्याचं त्यानं तपासावं. बेंटेक्सवाल्या बाईच्या फॉर्मवर शेरा मारताना माझ्या मनात तेही होतं का? नव्हतं असं छातीठोकपणे मला सांगता येणार नाही.

माणसं बदलतात का, असंही तुम्ही विचारलंय. थोडी बदलतात, आणि पाणी ओसरलं की परत जातात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी ४५ आहे. गावभाग, पेठा, सगळं पाण्याखाली. आम्ही काहीजण एका शाळेतल्या छावणीत मदतीला होतो. माझ्या ओळखीची, मोठ्या घरातली एक बाई दुधाच्या पिशवीच्या रांगेत उभी होती, पदर नाकापर्यंत ओढून. मला बघून तिनं मान फिरवली. बाहेरगावाहून मदत घेऊन आलेला एक तरुण मोबाईल पुढं धरून म्हणाला, "मावशी, पिशवी जरा वर धरा, फोटो घ्यायचाय." ती पिशवी खाली ठेवून रांगेतून निघून गेली. तिच्या मागं झोपडपट्टीतली एक म्हातारी होती, तिनं सवयीनं पिशवी वर धरली.

पुढं शहरात कुटुंबाला १५ हजारांचं सानुग्रह अनुदान मिळालं. त्या मोठ्या घरानंही घेतलं, घ्यायलाच हवं होतं, घरात चिखल होता. दिवाळीत ती बाई भेटली तेव्हा तिच्या कामवालीबद्दल तक्रार करत होती, की पुराचे पैसे मिळाले तर हिनं मुलीला पैंजण घेतले.

आता घरात काय करायचं ते.

वडिलांना 'तुमचं चुकलं' म्हणू नका. वयाच्या साठीत आपल्या चांगुलपणावर पोरीनं बोट ठेवलं की माणूस पुढच्या वेळी गाडी काढत नाही. ती गाडी निघत राहिली पाहिजे, ते पोर त्यामुळं जिवंत आहे. त्यांना देण्याचे प्रकार वेगळे करून दाखवा. आमच्या विभागात मी हे फार उशिरा शिकले. पैसे औषधासाठीच जावेत असं वाटत असेल तर ते हातात देऊच नका, मेडिकलवाल्याला द्या आणि पावती घ्या. त्यात काही वाईट नाही, आम्हीही रुग्णाच्या हातात रोख कधी देत नव्हतो. उसने द्यायचे असतील तर परत केव्हा ते आधी बोलून घ्या. आणि नुसते द्यायचे असतील तर देऊन बांधावरून खाली उतरा. वडिलांनी दिले बक्षीस म्हणून, लक्ष ठेवलं उसन्यासारखं आणि हिशोब मागितला मजुरीसारखा. त्या बिचाऱ्याला यातलं काहीच सांगितलं नव्हतं.

आईशी बोलताना रेशनचा विषय काढू नका, त्यात कुणी हरत नाही. त्यांना एकदा संध्याकाळी कोपीपर्यंत चालत घेऊन जा, काहीतरी निमित्त काढून, पोराची तब्येत विचारायला म्हणून. कोपीत आत वाकून जावं लागतं. चूल दाराशीच असते, सरपण ओलं असलं की आत बसवत नाही. पोरगं पुन्हा आजारी पडलं तर धुरानं आणि पहाटेच्या थंडीनं पडेल, हे आईला तिथं बसल्यावर कुणी सांगावं लागणार नाही. त्यांनीही आटपाडीत चुलीवर दिवस काढलेत.

आणि दसऱ्यानंतर टोळी उतरायच्या आधी तीन गोष्टी बघून ठेवा: प्यायच्या पाण्याचा नळ त्यांना तुमच्या मोटरीवरून घेता येतो का, बायकांना आडोसा कुठं आहे, आणि कोपीत उजेड आहे का. पहिल्या दोन्हींचा खर्च नगण्य आहे. तिसऱ्यासाठी घराच्या मीटरवरून वायर टाका आणि एक एलईडी बल्ब लावून द्या, बिल वडिलांच्या नावावर येऊ द्या. महिन्याअखेर ते नक्की बघतील, किती वाढलं. वाढलं किती ते मलाही कळवा.